पिल्लांची हरारत

निजाम सरकारच्या अमलात आमच्या तालुक्याच्या कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे तिघेचौघे बसत. परंतु दरबारी उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत सारखीच लेखणी चालवणारा त्यांत मी एकटाच होतो, असे माझे मत होते, आणि ते कोणी खोडून काढल्याचे माझ्या कानी आले नाही. माझे शिक्षण फारशीच्या तिसऱ्या किताबावर थांबले. वडिलांच्या दुकानात हात कमी पडले म्हणून मला मदरशातून काढण्यात आले, बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे. हे येथे नमूद करण्याचे कारण असे की, पुढे जो प्रकार सांगणार आहे त्यात सर्व घोटाळा एका शब्दावरून झाला, आणि तो शब्द मला येत नव्हता असे म्हणण्यास कोणालाही जागा नाही. तो मला फार चांगला येत होता.

त्या साली ऐन हिवाळ्यात आमच्या तहसीलदारसाहेबांनी विलायती जातीच्या कोंबडीची पिल्ले हैदराबादेहून मागवली. जालन्याच्या स्टेशनापर्यंत ती आगगाडीने आणि तेथून पुढे छकड्यातून, गवताच्या करंडीत, अशी आली. त्यांच्यासोबत त्यांची आई नव्हती. आईच्या जागी एक पेटी आली होती. रुंद, बसक्या घडणीची लाकडी पेटी. तिच्या एका अंगाला घासलेटचा लहानसा दिवा होता आणि दिव्याची ऊब पत्र्याच्या नळकांड्यातून पेटीच्या पोटात जाई. आत वरून लोकरीच्या पट्ट्या लोंबत होत्या, त्यांच्या खाली जाऊन पिल्लांनी पंखांखाली बसल्यासारखे बसावे अशी योजना. साहेब तिला ‘मसनूई माँ’ म्हणत. मी त्याचे ‘कृत्रिम माता’ असे भाषांतर करून दिले. ते शुद्ध होते, पण कचेरीतल्या शिपाईमंडळींनी ते टाकून देऊन तिला नुसते ‘आई’ म्हणायला सुरुवात केली. त्यामुळे सकाळी सकाळी ओट्यावरून “आईला घासलेट पाजलं का बे?” “आई लई धूर करायलीय!” अशा आरोळ्या माझ्या कानी येत आणि माझी लेखणी थबके.

या पेटीची जबाबदारी साहेबांनी एका हंगामी चपराशावर टाकली. हा शिरूर कासारच्या बाजूचा, पंचविशीच्या आतला, उंच आणि जरा वाकून चालणारा तरुण होता. दुसरा एक चपराशी आजारी पडला म्हणून त्याच्या जागी याला तात्पुरते घेतले होते. परंतु तात्पुरते हा शब्द याने लिंबागणेशच्या आपल्या सासऱ्याला सांगितला नव्हता. सरकारी नोकर म्हणून त्याला मुलगी मिळाली होती आणि बायको नुकतीच नांदायला आली होती. दौऱ्यावर निघताना साहेब त्याला म्हणाले होते, की मी परत येईपर्यंत पिल्ले नीट राहिली तर तुझी जागा पक्की, नाहीतर तुझा रस्ता तुला मोकळा. हे सारे त्याने मला माझ्या बैठकीसमोर उकिडवे बसून सांगितले.

“मुन्शीजी, जागा गेली तर म्या गावाला कोन्त्या तोंडानं जाऊ? सासरा म्हनंल, ह्यानं फसवलं. बायकोला घिऊन जाईल तो.”

“साहेबांनी जाताना नक्की काय सांगितले?” मी विचारले. कोणत्याही प्रकरणात मूळ हुकूम आधी पाहावा, ही माझी पद्धत.

“घोड्यावर बसता बसता म्हनले. म्या पाठ करून ठिवलंय.” त्याने डोळे मिटले. “हरारत का ख्याल रखना. हर हफ्ते थोडी थोडी घटाते जाना. बास, इतकंच. पुढं घोडं गेलं. ‘घटाते’ कळलं, कमी करायचं. पर हरारत मंजी काय?”

आता हरारत हा शब्द माझ्या हातून जितक्या वेळा लिहिला गेला असेल तितक्या वेळा तालुक्यात दुसऱ्या कोणाच्या हातून लिहिला गेला नसेल. साक्षीदार तारखेला गैरहजर राहिला, पाटील बोलावूनही आला नाही, वतनदाराला कचेरीत येणे सोयीचे वाटले नाही, की मी लिहून देई: फिदवीला, म्हणजे अर्जदार सेवकाला, हरारत असल्यामुळे हजर होता आले नाही. हरारत म्हणजे अंगात कणकण, ताप. सौम्य असतो, पण इजलासापुढे, म्हणजे न्यायासनासमोर, चालतो. मी त्याला गंभीरपणे सांगितले:

“हरारत म्हणजे ताप. तुझ्या पिल्लांना ताप आहे. विलायती जनावर, इकडची हवा मानवली नसेल. साहेबांचा हुकूम असा, की तापाकडे लक्ष ठेव आणि दर आठवड्याला तो थोडा थोडा उतरव.”

त्याचे तोंड उतरले. “समद्या पिल्लायला ताप हाय?”

“हुकूम सर्वांच्या नावे आहे.”

“आन् म्या त्यायला दिवा लावून शेकतोय व्हय!” तो कपाळावर हात मारून म्हणाला.

हे त्याच्या तोंडून निघाले आणि मलाही शंका आली. तापकऱ्यांना ऊब देण्याची पेटी सरकारी पैशाने कोण मागवील? परंतु शंका आली म्हणून हुकूम बदलत नाही. ताप असेल तर तो मोजला पाहिजे, असे ठरवून मी त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. तेथील कंपाउंडर माझ्या ओळखीचा, जिभेने सैल.

“कोंबडीला ताप?” तो म्हणाला. “मुन्शी, उन्हात बसून बसून तुलाच आलाय बे ताप. ये, जीभ दाखव.”

“साहेबांचा हुकूम आहे,” मी म्हणालो.

हुकूम म्हटल्यावर त्याने हसणे आवरले आणि ताप पाहण्याची काचेची नळी कापसात गुंडाळून दिली. माणसाच्या काखेत धरायची, पारा वर चढतो, जेथे थांबेल ती रेघ वाचायची, इतके त्याने सांगितले. याखेरीज काही सांगितले नाही, हे मी खात्रीपूर्वक लिहितो, कारण मी त्याचे प्रत्येक वाक्य लक्ष देऊन ऐकत होतो.

येथे माझ्या अडचणीचा उल्लेख करणे भाग आहे. आमचे घराणे गळ्यात लिंग धारण करणारे, आणि आमच्या घरात अंडे हा शब्दही मोठ्याने उच्चारत नाहीत. म्हणून कचेरीला लागूनच असलेल्या साहेबांच्या बंगल्याच्या पडवीत मी पेटीपासून दोन हात दूर, धोतराचा सोगा सावरून स्टुलावर बसलो आणि वाचण्याचे काम तेवढे माझ्याकडे घेतले. चपराशाने एक पिवळे पिल्लू उचलून त्याच्या पंखाखाली नळी धरली. पारा जो निघाला तो चढतच गेला आणि एकशे सहाच्या रेघेला जाऊन टेकला.

मी स्टुलावरून उठलो. माणसाला इतका ताप चढला की तो बरळू लागतो, हे मला माहीत होते. दुसरे पिल्लू पाहिले, तिसरे पाहिले. सर्वांना एकशे सहा. रेघभरही इकडेतिकडे नाही. माझे उर्दू बरोबर ठरले याचे समाधान वाटावे की या जिवांची कीव करावी, हे मला कळेना. पिल्ले मात्र दाणे टिपत होती, एकमेकांच्या पायांवर पाय देत होती आणि एक तर माझ्या जोड्याची बारकाईने तपासणी करीत होते.

“मुन्शीजी, तापात येवढं खातेत का?” चपराशाने विचारले.

“विलायती आहेत,” मी म्हणालो.

आम्ही उपचार सुरू केले. दिव्याची वात बारीक केली. लोकरीच्या पट्ट्या वर गुंडाळून बांधल्या. पेटी कोपऱ्यातून काढून पडवीच्या तोंडाशी, वारा लागेल अशी ठेवली. पौष महिन्याचे वारे ते, बालाघाटाच्या डोंगरावरून येणारे. पिल्ले एकाएकी ओरडू लागली. आधीचा तो बारीक किलबिलाट नव्हे, तर एका पट्टीतला, तोंड आ करून केलेला आक्रोश, आणि सर्व पिल्ले एका ढिगात एकमेकांवर चढलेली. मला वाटले, ताप उतरताना माणूस कुडकुडतो, तसेच हे असावे. आपले औषध लागू पडत आहे. पुन्हा नळी लावली. एकशे सहा. वात आणखी बारीक केली. ओरडा वाढला. नळी, एकशे सहा. हे असे दिवसभर चालले. दिवा जवळजवळ विझला तरी ताप जागचा हलला नाही.

शिपाई येऊन येऊन पाहून जात. “आई मेली का काय रे?” एकाने विचारले. “न्हाई,” चपराशी चिडून म्हणाला, “आई बरी हाय, लेकरं आजारी हैत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैठक मांडत होतो, तोच तो आला. त्याच्या हातात धोतराच्या फाटक्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेले होते आणि तोंड राखेसारखे झाले होते. फडके त्याने माझ्या पाटीवर, दौतीच्या शेजारी उघडले. आत एक पिल्लू होते, ताठ, डोळ्यांवर पांढरी साय आलेले.

“एक गेलं,” तो म्हणाला. “बाकीचे बी मान टाकायलेत. मुन्शीजी, आज सांजच्याला साहेब युसूफ वडगावच्या मुक्कामाहून येनार हैत. मला काहीतरी सांगा.”

मी गडबडलो नाही. मृत्यू झाला तर आधी कारण लिहावे लागते. मी नळी मागवली आणि, ज्या हातांनी उभ्या जन्मात कोंबडीला स्पर्श केला नव्हता, त्या हातांनी स्वतः तिचे टोक त्या मेलेल्या पिल्लाच्या पंखाखाली सरकवले. पिल्लू थंड होते. पाण्याच्या माठाचे बूड लागावे तसे थंड. थोडे थांबून नळी उजेडात धरली.

एकशे सहा.

मी पुन्हा लावली. एकशे सहा.

“काय म्हनती?” त्याने विचारले.

“ताप आहे म्हणते.”

त्याने पिल्लाच्या छातीवर बोट ठेवून पाहिले. मग अगदी हळू म्हणाला, “मेल्यावर बी?”

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ खोटे कागद पाहिले आहेत. मेलेल्या माणसाचे अंगठे लावलेले कागद पाहिले आहेत. परंतु थंड प्रेताला ताप असल्याची साक्ष मी प्रथमच ऐकत होतो, आणि तीही काचेची, जिला खोटे बोलण्यात काही लाभ नव्हता. नळी खोटी म्हणावी तर सरकारी दवाखान्याची. खरी म्हणावी तर हे पिल्लू समोर ताठ पडलेले. हरारत म्हणजे ताप नव्हे म्हणावे, तर माझे इतक्या वर्षांचे अर्ज कशाचे? माझे डोके भणभणू लागले. मी डोळे मिटून बसलो तेव्हा त्याला वाटले की मी काही गहन विचार करीत आहे.

विचार असा काही नव्हता. फक्त धंद्याची एक सवय वर आली. दोन्ही बाजूंचे पुरावे एकमेकांना छेद देऊ लागले, की मी अशिलाला म्हणतो: कागद बाजूला ठेव, तुझे दुखते काय ते तू आपल्या तोंडाने सांग. येथे फिर्याद पिल्लांची होती आणि कालपासून त्यांचा जबाब कोणी घेतलाच नव्हता. ती ओरडत होती आणि आम्ही नळी वाचत होतो.

“चल,” मी म्हणालो. “नळी राहू दे. ती काय म्हणतात ते ऐकू.”

“कोन?”

“फिर्यादी.”

आम्ही पडवीत गेलो. पिल्ले कोपऱ्यात ढीग करून पडली होती आणि आवाज आता बारीक, तुटक येत होता. मी एक पिल्लू उचलले. त्याचे पाय गार होते आणि माझ्या मुठीत ते इतक्या नेटाने घुसू लागले, की माझ्या अंगठ्याखालच्या उबेत त्याला जणू आपली जागा माहीत होती. ओरडणे थांबले. माझ्या मुठीत काहीतरी फार जलद धडधडत होते. आमच्या घरच्या रीतीचे मला त्या घटकेला स्मरण राहिले नाही. घरी जाऊन मी डोक्यावरून पाणी घेतले, तो भाग वेगळा.

“दिवा मोठा कर,” मी म्हणालो.

“ताप वाढंल की!”

“वाढू दे.”

त्याने पट्ट्या सोडल्या, पेटी आडोशाला ओढली, वात वर काढली. आम्ही दोघे पेटीच्या दोन बाजूंना कान लावून बसलो. हळूहळू ओरडा उतरत गेला. ढीग सैल झाला, पिल्ले पट्ट्यांखाली सरकली आणि एक निराळाच आवाज येऊ लागला, बारीक, समाधानी, बायका जात्यावर बसून आपापसात बोलतात तसा. चपराशाच्या तोंडावर हसू आले. हुरूप येऊन त्याने वात आणखी वर केली. थोड्या वेळाने पिल्ले दिव्यापासून लांब, पलीकडच्या फळीला जाऊन भिडली, पंख अंगापासून दूर धरून, चोची उघड्या टाकून धापा टाकू लागली.

“आता काय झालं ह्यायला?”

“आता जास्त झाले. कमी कर.”

“आत्ता तर वाढव म्हनले तुमी!”

“मी नाही, पिल्ले म्हणाली होती. आता तीच कमी कर म्हणतात.”

अशा रीतीने सबंध दिवस आम्ही वात खालीवर करीत राहिलो. एका ढिगात येऊन ओरडली की वाढवायची, लांब पळून धापा टाकू लागली की उतरवायची, पसरून आपापसात बोलत बसली की हात लावायचा नाही. दुपारी चपराशाची बायको त्याची भाकरी घेऊन आली. दारात उभी राहून तिने पाहिले, की नवरा आणि पागोटे घातलेला एक वयस्क गृहस्थ एका लाकडी पेटीला कान लावून डोळे मिटून बसले आहेत.

“ह्या बाबाला कानात काय झालंय?” तिने नवऱ्याला विचारले.

“गप गं. साक्ष घ्यायलेत.”

तिने पदर तोंडाला लावला आणि भाकरी ठेवून ती हसत हसत गेली. मला ते आवडले नाही.

संध्याकाळच्या आधी मान टाकलेली पिल्लेही चालू लागली. माझी अवस्था मात्र चमत्कारिक झाली होती. दिवा मोठा केला म्हणून ताप उतरला होता. हे मला कोणत्याही भाषेत नीट मांडता येईना. मी नळी परत करायला दवाखान्यात गेलो आणि कंपाउंडरला म्हणालो, “तुझी नळी खोटी आहे. ती मेलेल्याला ताप दाखवते.”

“झटकली होतीस का?”

“म्हणजे?”

त्याने नळी चिमटीत धरून मनगटाला दोन हिसके दिले. पारा सरसर खाली उतरला. “एकदा चढला की आपणहून उतरत नाही तो. झटकल्याशिवाय पहिलाच ताप दाखवत राहतो.”

“तू हे सांगितले नाहीस.”

“तू विचारलं न्हाईस.”

“बरे,” मी म्हणालो, “मेलेल्याचे समजले. पण पहिले पिल्लू तर जिवंत होते, आणि नळीतला पाराही तेव्हा खालीच होता. त्याला एकशे सहा कसा?”

त्याने डोके खाजवले. “कोंबडीला किती असावा, ते मला कुठं शिकवलंय? असंल तिचा तेवढाच.” मग हसून म्हणाला, “कशाला बे इतका खोलात जातो? जगली ना?”

साहेब दिवेलागणीला आले. घोड्यावरून उतरून बूटदेखील न काढता ते थेट पडवीत गेले. चपराशी पेटीजवळ हात बांधून उभा होता. मी काही कामानिमित्त तेथेच होतो. साहेबांनी वाकून पाहिले, पट्टी वर उचलली, एका पिल्लाला बोट लावले. पिल्ले बोलत बसली होती.

“एक कम है,” ते म्हणाले.

“जी हुजूर. ठंडी में गया.”

साहेबांनी उरलेली पिल्ले एकेक करून पाहिली. मग म्हणाले, “बाकी अच्छे हैं. हरारत कितनी रखी?”

हे ऐकताच माझ्या डोक्यात एक दार उघडले आणि लगेच अर्धे लागले. कितनी रखी! ताप कोणी ठेवतो का? ताप येतो, चढतो, उतरतो. जी ठेवायची ती ऊब. म्हणजे साहेबांच्या तोंडी हरारत पिल्लांच्या अंगातली नव्हती, पेटीतली होती. परंतु मग मी इतकी वर्षे लिहीत आलो ती? तीही हरारतच, आणि त्याच साहेबांनी तिच्यावर ‘मंजूर’ म्हणून सही केलेली. एकच शब्द पेटीत पाहिजे म्हणून ठेवायचा आणि अंगात नको म्हणून घालवायचा, हे मला तेव्हाही चमत्कारिक वाटले आणि आजही वाटते.

चपराशाने माझ्याकडे पाहिले. मी अजून त्या शब्दाशी झटत होतो. तो साहेबांकडे वळून म्हणाला, “हुजूर, जितनी उनो मांगे, उतनी.”

साहेब मोठ्याने हसले. पेशकाराला, म्हणजे आपल्या कारकुनाला, हाक मारून त्यांनी तेथेच हुकूम सांगितला: याची जागा पक्की. काम, पिल्लांची देखभाल. साहेबांचा मुक्काम जिथे हलेल तिथे पेटीसह हजर राहणे. बेगमसाहेबांसाठी आणखी पिल्ले येणार होती, बदके येणार होती.

तो वाकून मुजरा करून बाहेर आला. माझ्या बैठकीसमोर येऊन उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला.

“मुन्शीजी, हे चांगलं झालं का वाईट?”

“पक्की जागा झाली.”

“ते झालं. पर म्या कोंबड्यायचा चपराशी झालो. सासरा इचारंल, कचेरीत काय काम करतो? साहेबाच्या हाताखाली हाय म्हनू, का कोंबड्याच्या?” मग माझ्या कागदांकडे बोट करून म्हणाला, “एक अर्ज लिवा. मला कचेरीतच ठिवावं म्हनून.”

मी कागद घेतला आणि ‘बखिदमत जनाब’ हा अर्जाचा नेहमीचा मायना तेवढा लिहिला.

“नका लिवू,” तो म्हणाला. “आता हाय ते बी जाईल.”

मी लेखणी ठेवली.

“लिवा. पर असं लिवा, की मागितल्यावानी दिसू नये.”

मी पुन्हा टाक दौतीत बुडवला. अशा मजकुराला कोणती भाषा वापरावी याचा मी विचार करीत होतो, तोच बंगल्याच्या बाजूने ओरडा आला. एका पट्टीतला, तोंड आ करून केलेला. कोणीतरी दार उघडे टाकले असावे.

“गार लागायलंय त्यायला,” तो म्हणाला, आणि ‘लिवा’ की ‘नका लिवू’ हे न सांगताच पळत सुटला.

मी अंधार पडेपर्यंत वाट पाहिली. तो परत आला नाही. ओरडा मात्र थांबला होता. पुढे साहेबांची बदली झाली तेव्हा तो त्यांच्यासोबत, पेटी मांडीवर घेऊन, छकड्यात बसून गेला. बायको पुढे गाडीवानाच्या पाठीशी बसली होती आणि दोघे कशावरून तरी भांडत होते. तो सुखी झाला की नाही हे मी ठरवू शकलो नाही. ‘बखिदमत जनाब’ लिहिलेला तो कागद मी दुसऱ्या एकाच्या विहिरीच्या अर्जाकरिता वापरला. त्यात काही बदलावे लागले नाही.